आबांचा कंप आणि माझा फवारणीचा पंप

पत्र थोडक्यात: चोपडा तालुक्यातल्या ३९ वर्षांच्या एका शेतकऱ्याचं हे पत्र आहे. नाव-गाव छापत नाही. वडील, म्हणजे आबा, ६७ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं, लिव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू आहेत. उजवा हात थरथरतो, उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे अडकतात, सही इतकी बारीक झालीय की बँकेने दोनदा स्लिप परत केली. "हात आते मनं आयकस नही," म्हणतात. मध्यंतरी एका लग्नात चुलत्यांनी चारचौघांत सुनावलं, "वीस वर्षं बापाच्या पाठीवर फवारणीचा पंप दिला, आता भोगा." तेव्हापासून या शेतकऱ्याला झोप नाही. त्यातच भाच्याने मोबाइलवर जपानची बातमी दाखवली, की मेंदूत नव्या पेशी लावून पार्किन्सनवर उपाय निघाला. मोठ्या शहरातलं एक सेंटर 'रुग्णाच्याच शरीरातल्या स्टेम सेल'चे (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचे) तीन डोस साडेसहा लाखांत देतं. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर पन्नास हजार सूट. दोन एकर गहाण टाकायचं चाललंय, आई पाटल्या मोडायला तयार आहेत. ते विचारतात, "आबांना हे माझ्यामुळे झालं का? आणि उपाय निघालेला असताना पैशापायी थांबलो, तर ते दुसरं पाप नाही का?"

भाऊ,

पाच पानी पत्रात तुम्ही दोन प्रश्नांखाली रेघा मारल्या आहेत. मी मात्र तिसऱ्या पानावरच्या एका आठवणीपाशी थांबले. दहा-बारा वर्षांपूर्वी हिवाळ्यात मळ्यात भरीताचा बेत होता. पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला टाकलेली, धूर सगळा आबांच्या बाजेकडे जातोय, आणि आबा विचारतात, "वांगी अजून लावली नाहीत का रे?" सगळे हसले. आबा थट्टा करतायत असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्याच ओळीत आईंचं म्हणणं दिलंय: त्या सुमारास आबा झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे, एकदा कोपर लागून आईंचा दात हलला.

आबा बहुधा थट्टा करत नव्हते. त्यांना वासच येत नसावा. वास जाणं, झोपेत स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडणं, जुनाट बद्धकोष्ठ, ही लक्षणं हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. (प्रत्येक बद्धकोष्ठवाल्याला पार्किन्सन होतो असं नाही. हे आत्ताच सांगते, नाहीतर पुढच्या आठवड्यात दोनशे पत्रं येतील.) हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींचे मेंदू तपासून २००३ साली असं मांडलं, की बिघाड बहुतेकदा मेंदूच्या देठात खालच्या बाजूला आणि वासाच्या भागात सुरू होतो, मग वर चढतो. सगळ्याच रुग्णांत हा क्रम दिसत नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन त्याला जुळतं. तेव्हा निदान तीन वर्षांपूर्वी झालं असलं तरी आजार त्या भरीताच्या दिवसापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून घरात असावा. तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे मी याच हिशेबाने बघणार आहे.

आधी आत काय होतं ते. मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी काळसर पेशींचा एक बारीक पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, म्हणजे सरळ 'काळा पदार्थ'. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करून मेंदूच्या आतल्या भागाला पुरवतात. हालचाल सुरू कधी करायची, पाऊल केवढं टाकायचं, अक्षर केवढं काढायचं, याचा ताल त्यावर सांभाळला जातो. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत हा काळा पट्टा फिका पडलेला दिसतो. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या पेशींचा मोठा वाटा गेलेला असतो. उरलेल्या पेशी जास्तीचं काम ओढत असतात, म्हणून इतकी वर्षं बाहेर काही कळत नाही.

नेमक्या याच पेशी का जातात? तुमच्या केळीला ठिबक आहे. एका मोटारीवर किती नळ्या चालतील हे मी तुम्हाला सांगायला नको. या पेशींच्या बाबतीत निसर्गाने हिशोब फारच ताणलाय. एका पेशीच्या तारेला इतक्या फांद्या फुटतात, की सगळ्यांची लांबी जोडली तर चार मीटरच्या पुढे जाते आणि पुढच्या पेशींशी तिच्या जोडण्या दहा लाखांच्या वर होतात, असा ऑक्सफर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे. शिवाय ही मोटार कधी बंद नसते, ती आपली आपण ठोके देत राहते. त्याला लागणारी वीज येते मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या आतल्या वीजघरांतून. वीजघर जरा ढिलं पडलं की पहिली जळते ती हीच मोटार.

दुसरी भानगड आल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाची. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मेंदूत असतं, १४० मण्यांची माळ समजा. तिची घडी चुकली की माळा एकमेकींत अडकतात आणि पेशीत गुठळ्या होतात. फ्रिट्झ लेवी या डॉक्टरने १९१२ साली त्या पाहिल्या, पण त्या कशाच्या आहेत हे कळायला १९९७ उजाडलं. आणि हे प्रकरण विरजणासारखं चालतं: चुकीच्या घडीचं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं करतं आणि बिघाड एका पेशीतून दुसरीत जातो. गुठळ्याच पेशीला मारतात, की मरायला टेकलेल्या पेशीने एका कोपऱ्यात लोटलेला तो कचरा आहे, यावर संशोधकांची अजून भांडणं चालू आहेत. विरजण मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पंप. 'छे, काही संबंध नाही' असं मी म्हणावं असं तुम्हाला वाटत असेल. मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं एकाएकी म्हाताऱ्या पार्किन्सन रुग्णांसारखी थिजून दवाखान्यात आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं. ते मेंदूत गेल्यावर त्याचं जे होतं, ते याच पेशींत शिरून वीजघर बंद पाडतं. बाहेरचं रसायन नेमक्या याच पेशींना मारू शकतं हे तेव्हा पक्कं झालं आणि संशोधक शेतीच्या औषधांकडे वळले. रोटेनोन हे कीटकनाशक वीजघराच्या त्याच भागावर घाव घालतं. तुम्ही कपाशीच्या सरींत मारायचात ते पॅराक्वाट हे तणनाशक पेशीला दुसऱ्या वाटेने जाळतं. २०११ साली अमेरिकेत शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही दोन रसायनं वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण साधारण अडीचपट निघालं. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे.

अडीचपट वाचून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. पण मूळ प्रमाणच थोडं आहे. ते अडीचपट झालं तरी फवारणी केलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. चुलत्यांचं शेत तुमच्या बांधाला लागून आहे, तीच दुकानं, तीच औषधं, तितकीच वर्षं, आणि त्यांचे हात स्थिर आहेत. (लग्नात बोट दाखवण्याइतके स्थिर.) आबांच्या आजारात औषधाचा वाटा किती, वयाचा किती, जन्मतः मिळालेल्या जनुकांचा किती, हे वेगळं काढून दाखवणारी तपासणी कुठेच नाही. वाटा असू शकतो, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

आणि वाटा असला तरी 'माझ्यामुळे' कुठून आलं? वीस वर्षांपूर्वी तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात आणि घरचा व्यवहार आबांच्या हातात होता. कुठलं औषध, कुठल्या दिवशी, पंप कोण घेणार, हे तेच ठरवत होते. औषध परवान्याच्या दुकानातून, पावतीवर आलेलं. तुम्ही मास्क आणून दिलात आणि आबांनी तो गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवला, हेही तुमच्याच पत्रात आहे. चुलते म्हणतात तसा पंप तुम्ही आबांच्या पाठीवर दिला नव्हता. कर्त्या माणसाने तो स्वतः उचलला होता.

मला उलट एक विचारायचंय. आज तुमच्या शेतात तो पंप कोणाच्या पाठीवर आहे? आबांना आंघोळीला धरून नेणाऱ्या सालदाराचा उल्लेख तुम्ही अगदी मायेने केलाय. फवारणीही तोच करत असणार. रात्री झोप येत नसेल तर त्याच्यासाठी हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि खरा मास्क आणा, आणि तो खुंटीला जाणार नाही हे बघा. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू देऊ नका. वाऱ्याच्या तोंडाला फवारू देऊ नका. काम संपलं की साबणाने आंघोळ आणि ते कपडे वेगळे. तणनाशकाची एखादी पाळी कोळप्यावर भागत असेल तर भागवा. चुलत्यांना उत्तर द्यायची मग गरज उरणार नाही.

आता दोन एकर.

भाच्याने दाखवलेली बातमी खरी आहे. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१८ साली ही चाचणी सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण रुग्ण किती होते? सात. वय ५० ते ६९. निरोगी दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत मूळ अवस्थेला नेऊन, त्यातून डोपामिन बनवणाऱ्या पेशींची रोपं तयार करून, शस्त्रक्रियेने मेंदूत नेमक्या जागी दोन्ही बाजूंना लावली. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून महिनोन्महिने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली. दोन वर्षं लक्ष ठेवलं. गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. ज्या सहा जणांचा फायदा मोजला, त्यांतल्या चौघांची हालचाल औषध उतरलेलं असतानाही आधीपेक्षा सुधारलेली दिसली. त्याच सुमारास अमेरिका-कॅनडातल्या बारा रुग्णांवरची अशीच चाचणी प्रसिद्ध झाली. मला स्वतःला या बातमीने आनंद झाला. माझे मामा याच आजाराने गेले; त्यांच्या आंतरदेशीय पत्रांतलं अक्षर दर वर्षी लहान होत गेलं आणि आम्ही म्हणायचो, मामा कागद वाचवतात. पण सात आणि बारा रुग्णांवर पहिली परीक्षा होते ती सुरक्षिततेची. एका वाफ्यात रोप जगलं म्हणून तुम्ही सगळी केळी मोडून ते लावाल का?

आणि तुमच्या त्या सेंटरवर जे होणार आहे ते हे नव्हेच. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात लिहिलंय, की कमरेच्या हाडातून किंवा पोटाच्या चरबीतून पेशी काढून शिरेतून आणि मणक्यातून सोडणार. त्या पेशी जाऊन काळ्या पट्ट्यात डोपामिन बनवायला बसतात, याला पुरावा नाही. नाव तेवढं 'स्टेम सेल', बाकी क्योटोशी काही नातं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे मोजके आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. पार्किन्सन त्या मोजक्यांत नाही.

'ही चाचणीच आहे' असं तिथून सांगतील, तर फोनवर दोनच गोष्टी विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया या सरकारी नोंदवहीतला तुमचा क्रमांक काय? तो क्रमांक भाच्याला टाकून बघू दे, ती नोंदवही कोणालाही पाहता येते. आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, उलट इजा झाली तर भरपाई देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. महिनाअखेरच्या सवलतीबद्दल काही बोलायलाच नको. दहा-बारा वर्षं चालत आलेल्या आजाराला महिनाअखेर कळत नाही. ती कळते वसुली करणाऱ्याला.

इथे ते विरजण आठवा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या डोपामिन पेशी लावल्या होत्या. त्यातले काही अकरा ते सोळा वर्षांनी वारले. २००८ साली त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्या तरुण, परक्या, निरोगी पेशींतल्या काहींमध्येही लेवीच्या गुठळ्या आढळल्या. जुन्या भांड्याचं विरजण नव्या दुधाला लागलं होतं. काही रुग्णांना त्या पेशींचा वर्षानुवर्षं फायदाही झाला होता, त्यामुळे प्रयत्न वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण नव्या पेशी लावल्या म्हणजे मूळ आजार थांबला असं होत नाही, आणि तो थांबवणारं औषध आज जगात कोणाकडेही नाही. तेव्हा आबांच्या हातून गाडी सुटतेय असं समजू नका. थांबण्यात पाप नाही. जमीन सोडवायची चिंता आणि आबांची सेवा दोन्ही एकदम तुमच्या अंगावर पडली, तर आबांचेच हाल होतील.

संशोधनाने आधीच दिलेली एक गोष्ट मात्र तुमच्या घरात पुरती वापरली जात नाहीये. लिव्होडोपा. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १९६० साली रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटल्याचं दाखवलं आणि १९६१ साली लिव्होडोपा टोचून अंथरुणाला खिळलेल्यांना उठताना पाहिलं. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही, लिव्होडोपा शिरतं. आता तुमचं दुसरं पान बघा. सकाळची गोळी आबा पेलाभर म्हशीच्या दुधाबरोबर घेतात, दुपारची उडदाची डाळ-भाकरी खाल्ल्यावर. दूध आणि डाळीतलं प्रथिन पचून जे तयार होतं, ते शरीरात याच गोळीच्या वाटेने जातं. एकाच फाटकावर दोघांची रेटारेटी, आणि गोळी मागे राहते. 'दुपारी गोळी लागूच पडत नाही' ही तुमची तक्रार तिथली असू शकते. साधारणपणे ही गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने पाण्याबरोबर घेतात. डॉक्टरांना विचारून वेळा बसवा आणि मग त्या मोटारीच्या लायटीच्या वेळापत्रकासारख्या पाळा. डाळ-दूध बंद करू नका, आबा आधीच वाळलेत. फक्त गोळीपासून लांब ठेवा. आणि गोळी एकदम बंद कधीही करायची नाही, उपासालाही नाही.

आठवडी बाजारातल्या वैदूकडून आबा जी पूड घेतात, ती कवचबीजाची म्हणजे खाजकुयलीच्या बियांची आहे. तिला मी नावं ठेवणार नाही. त्या बियांत खरंच लिव्होडोपा असतं, दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते वेगळं काढून दाखवलंय. म्हणूनच ती गुपचूप घेणं धोक्याचं: गोळीवर गोळी पडते आणि डॉक्टरांच्या कागदावर एकच दिसते. पुडी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा.

गावातल्या दवाखान्यात चक्कर-मळमळीला सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड आणि सिनारिझिन ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात आणि पार्किन्सन वाढवतात. ही तीन नावं आबांच्या फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा. रात्री-बेरात्री इंजेक्शन द्यायला येणाऱ्याला ती आधी दाखवायची. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी पार्किन्सन आहे, त्या सगळ्यांनीच लिहून ठेवा.

बँकेचं सोपं आहे. नव्या सहीचा नमुना द्या. तीही जमेनाशी झाली तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी, अंगठा लावून पैसे काढायची सोय नियमांत आहे. स्लिप परत करणाऱ्याला ती माहीत नसेल तर मॅनेजरकडे जा. पार्किन्सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करून दाखल्याचा अर्ज करा.

दोन एकर न मोडता थोडा खर्च करायचाच असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे वर्षातून दोन-तीन फेऱ्या आणि चालणं, तोल, गिळणं शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर करा. पेशी कुठे किती गेल्या हे आपल्याला दिसत नाही, पण रोज चालणारा, हातपाय हलवणारा रुग्ण बसून राहिलेल्यापेक्षा बरा राहतो, हे वारंवार दिसलंय. मेंदूत तार बसवायची डीप ब्रेन स्टिम्युलेशनची शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त आहे, पण ती गोळी लागू पडते आणि मध्येच उतरते अशा टप्प्यावर विचारात घेतात. आबांच्या गोळ्यांच्या वेळाच अजून बसलेल्या नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि घरच्यांचा गट आहे. त्यांच्याशी बोला, आबांनाही बोलू द्या.

उंबऱ्याचं शेवटी. पाय अडकला की मागून ढकलू नका, "चला, चला" म्हणून ओरडू नका. आपोआप पाऊल टाकायची वाट बिघडलेली असली तरी डोळ्यांनी बघून पाऊल टाकायची वाट बऱ्याचदा शाबूत असते. आई रोज सकाळी दारात रांगोळी काढतातच. त्यांना सांगा, उंबऱ्याच्या आत आणि बाहेर, एकेका पावलाच्या अंतरावर, पांढऱ्या रंगाने चार-पाच ठळक आडव्या रेघा माराव्यात. आबांनी रेघ बघायची आणि तिच्यावरून पाय टाकायचा. आधी एकदा तुम्ही शेजारी उभे राहून करून बघा. पहिले दोन दिवस ते हसतील, आई चिडतील. रेघा पुसू देऊ नका.